एकमेकांशी न बोलणारे साक्षीदार

माझी बायको जॅझ वाजवणाऱ्यांची चरित्रं लिहिते. हे वाक्य मी आयुष्यभर लोकांना सांगत आलोय आणि समोरचा माणूस दरवेळी विचारतो, "बरं, आणि बाकी काय करतात?" बाकी काही करत नाही. पूर्वी विमा कंपनीत होती. अपघाताचे दावे तपासायची. कोणाचा पाय खरोखर मोडलाय आणि कोणाचा फक्त अर्जात मोडलाय, हे तिला माणूस खुर्चीत बसेपर्यंत कळायचं. पुढे तिने ती नोकरी सोडली आणि मेलेल्या वाजंत्र्यांच्या मागे लागली. सासूबाई म्हणाल्या होत्या, हात दाखवून अवलक्षण.

मी स्वतः लिफ्ट दुरुस्त करायचो, आता निवृत्त झालोय. लिफ्ट एक तर वर जाते, नाही तर खाली येते, नाही तर मध्येच अडकते. जॅझमध्ये या तिन्ही गोष्टी एकाच वेळी चालू असतात आणि लोक टाळ्या वाजवतात. मला त्यातलं काही कळत नाही. पण हिच्या टेबलाशेजारी बसून मी इतकी वर्षं पेपर वाचलाय की ते आवाज आता माझ्या अंगवळणी पडलेत.

हिचा एक नियम आहे. वाजवणाऱ्या लोकांच्या गोष्टींना धरबंध नसतो. एकाने सांगितलेली गोष्ट दुसऱ्याने ऐकली की ती दुसऱ्याची होते, आणि जो त्या दिवशी भलत्याच गावात होता तोही छातीवर हात ठेवून सांगतो, "मी तिथेच होतो!" खोटं बोलायचं म्हणून बोलत नाहीत ते, त्यांना खरंच तसं आठवतं. म्हणून ही म्हणते, कुठलीही गोष्ट छापायची तर ती दोन माणसांनी सांगितलेली पाहिजे, आणि त्या दोघांचं एकमेकांशी बोलणं बंद असलं पाहिजे. सुदैवाने या धंद्यात बोलणं बंद असलेली माणसं शोधायला फार हिंडावं लागत नाही.

पहिल्या पुस्तकाच्या वेळी मात्र हा नियम नव्हता. ते पुस्तक होतं ट्रम्पेटवाल्या कप्तानाचं. कप्तान म्हणजे मोठं प्रस्थ, स्वतःचा बॅण्ड, स्वतःचे कायदे. पुस्तक तुफान चाललं. आणि त्यात सगळ्यात जास्त चालली ती दोन पानं, जी कप्तानाबद्दल नव्हतीच. ती होती त्याच्या बॅण्डमधल्या सॅक्सोफोनवाल्याबद्दल. जाड भिंगांचा चष्मा, आणि बाजूला बघायचं तर डोळे न हलवता अख्खी मान वळवायचा, म्हणून सगळे त्याला घुबड म्हणायचे. गोष्ट अशी, की हॉटेलातल्या स्टेजवरून रेडिओवर थेट जाणाऱ्या एका कार्यक्रमात घुबड ऐन भरात वाजवता वाजवता थांबला, जागेवर डुलत उभा राहिला, मग सॅक्सोफोन खुर्चीवर ठेवून मागच्या दाराने चालता झाला. प्यायला होता. कप्तानाने त्याला परत उभं केलं नाही, आणि वर्षाच्या आत तो वारला. ही दोन पानं लोक आजही जेवणाच्या टेबलावर एकमेकांना सांगतात.

चौथ्या पुस्तकासाठी हिने घुबडालाच निवडलं. मी विचारलं, "त्याच्यावर लिहिलंयस की." तर म्हणाली, "दोन पानं लिहिली. माणूस दोन पानांचा नसतो."

सुरुवात झाली ती तोंडावर दार बंद होऊन. घुबडाची बायको अजून त्याच घरात राहते; सगळा बॅण्ड तिला वहिनी म्हणायचा, म्हणून आम्हीही वहिनीच म्हणतो. तिने दार उघडलं, हिचं नाव ऐकलं आणि म्हणाली, "तुमच्या पुस्तकाने माझ्या घरात जेवढं केलं तेवढं पुरे झालं." आणि दार लावलं. आपटलंही नाही, नीट लावलं, हे मला जास्त लागलं. जिना उतरताना ही म्हणाली, "दार लावलं म्हणजे आत काहीतरी आहे." मी म्हटलं, "आत एक म्हातारी बाई आहे. तिला बसू दे सुखाने." पालथ्या घड्यावर पाणी.

मग ती ड्रमवाल्या ढोल्याकडे गेली आणि पाठोपाठ बासवाल्याकडे. या दोघांनी एका कोटावरून कधीकाळी अबोला धरला तो अजून सोडलेला नाही, म्हणजे नियमात अगदी फिट्ट. दोघांनीही तीच गोष्ट सांगितली: थांबला, डुलला, वाद्य ठेवलं, गेला. दुसऱ्याकडून ती घरी आली ती बूट न काढताच खुर्चीत बसली. मला वाटलं बरं नाही.

"अहो," ती म्हणाली, "ढोल्या म्हणाला, झोपलेलं मूल ठेवावं तसा त्याने सॅक्सोफोन खुर्चीवर ठेवला."

"छान म्हणाला."

"बासवालाही तेच म्हणाला. झोपलेलं मूल ठेवावं तसा. शब्दाला शब्द."

"मग झालं की काम. दोन साक्षीदार, बोलणं बंद."

"ते वाक्य माझं आहे," ती म्हणाली. "मी तिथे नव्हते. मला एका वेटरने एवढंच सांगितलं होतं, की वाद्य खुर्चीवर ठेवून मागच्या दाराने गेला, चढली होती. झोपलेलं मूल मी घातलं. इथे, या टेबलावर. तुम्ही शेजारी पेपर वाचत होता."

मला अजून नीट उमगत नव्हतं. ती चिडली. "त्यांना ती संध्याकाळ आठवत नाहीये हो! त्यांना माझं पुस्तक आठवतंय. मी लिहिलं, ते त्यांनी वाचलं, आणि आता तेच मला साक्ष म्हणून परत देतायत. सगळ्या जगाला ठाऊक असलेली गोष्ट, आणि तिच्या खाली उभा कोण, तर एकटा वेटर. तोही गेला."

"पण प्यायला तर होताच ना?"

"कोण म्हणतं?" ती म्हणाली. "मी म्हणते. आणखी कोण?"

त्या दिवशी ती जेवली नाही. मी दोनदा हाक मारली आणि मग भांडी झाकून ठेवली. सकाळी उठलो तर ही आधीच टेबलाशी, आणि चेहरा असा की विमा कंपनीतले लोक त्या चेहऱ्याला घाबरून खरं बोलायचे. म्हणाली, "मला असा माणूस हवा ज्याने माझं पुस्तक वाचलेलं नाही."

"असे या गावात लाखो आहेत," मी म्हणालो. "मी एक आहे. मी फक्त अर्पणपत्रिका वाचलीय."

"त्या संध्याकाळी स्टेजवर असलेला."

त्याच आठवड्यात प्रकाशकाचा फोन आला. कप्तानाच्या पुस्तकाची नवी आवृत्ती निघत होती, नवं मुखपृष्ठ, छापखान्यात जाण्याच्या बेतात. ही उठली आणि थेट त्याच्या कार्यालयात गेली. मीही बरोबर, कारण चिडलेली असली की तिला रस्त्यावरच्या गाड्या दिसत नाहीत. प्रकाशक पुस्तकांच्या गठ्ठ्यांमधून वाट काढत आमच्यासाठी खुर्च्या शोधत होता. ही उभ्यानेच म्हणाली, "छपाई थांबवा."

"बाई, सगळं तयार आहे!"

"घुबडाची दोन पानं चुकीची असतील असं वाटतंय."

"असतील म्हणजे? आहेत की नाहीत?"

"तेच अजून माहीत नाही."

त्याने कपाळावरून हात फिरवला. "बाई, स्पष्ट बोलतो. त्या दोन पानांसाठी लोक पुस्तक घेतात. तुम्हीच ती खोडलीत तर उद्या तुमच्या बाकी पुस्तकांवर कोण विश्वास ठेवेल? तुमचं नाव जाईल."

"जाऊ दे," ही म्हणाली. "नाव माझं आहे. दारू त्याच्या नावावर आहे."

प्रकाशक माझ्याकडे बघायला लागला, जणू मी तिला समजावणार होतो. मी छताकडे पाहिलं. शेवटी तो म्हणाला, थांबवतो, पण पुस्तक फार दिवस दुकानातून गायब ठेवता येणार नाही. तेवढं पुरेसं होतं.

उरला होता पियानोवाला. त्याला मिरची म्हणायचे. नाकावर राग, आणि तो रागही नाकावर मावत नसे. बॅण्डमध्ये कोणालाही विचारलं तर उत्तर एकच: मेला असेल. पण मेल्याचं कोणीच ठामपणे सांगेना, तेव्हा ही म्हणाली, याचा अर्थ जिवंत आहे. तो त्याच्या भावजयीकडे राहत होता, सगळ्यात वरच्या मजल्यावर, आणि लिफ्ट बंद. दारावरची जाळी बघूनच मला कळलं की साधं काम आहे, मी थांबलोही, पण हिने वरून हाक मारली, "अहो, ती उतरताना बघा!"

मिरची खिडकीशी बसला होता, गुडघ्यांवर शाल. हिने नाव सांगितलं.

"कप्तानावर लिहिलं ते तुम्हीच ना?"

"हो. वाचलंत का?"

"वाचू? त्या माणसावरचं? मी?" त्याने कोपऱ्याकडे हात केला. "कोणीतरी आणून दिलं होतं. ते कपाट डुगडुगत होतं, भावजयीने खाली लावलं. तेव्हापासून हलत नाही."

खरोखरच होतं. कपाटाच्या पायाखाली हिचं पहिलं पुस्तक, अर्धं दबलेलं. आणि ते पाहून माझ्या बायकोला जो आनंद झाला तो मी तिच्या तोंडावर कुठल्याही सत्काराच्या वेळी पाहिला नव्हता.

"आत काय लिहिलंय ते कोणी सांगितलं तुम्हाला?" तिने घाईघाईने विचारलं.

"माझ्यासमोर त्याचं नाव काढायची कोणाची टाप आहे?"

ही समोरच्या खुर्चीत बसली. आता विचारताना ती फार जपून विचारते, हे मी ओळखतो. प्रश्नात उत्तर टाकायचं नाही. प्यायला होता का असं विचारलं की माणूस प्यायल्याचंच बोलायला लागतो. तिने विचारलं, "घुबड थांबला त्या संध्याकाळी काय झालं?"

"थांबला?" मिरची म्हणाला. "कोण म्हणतं थांबला?"

हिने खुर्ची पुढे ओढली.

"मी त्याच्या शेजारी होतो. या इथे मी, त्या तिथे तो. वाजवता वाजवता वर चढला, आणि आवाज गेला. पण बोटं चालूच. सॅक्सोफोनवर बोट दाबलं की झाकण भोकावर बसतं, टप् असा आवाज होतो, एरवी तो सुरात बुडून जातो. मला तेवढंच ऐकू येत होतं. टप् टप् टप्. वाद्य तोंडात, बोटं पळतायत, आणि आत हवा नाही. मी वर पाहिलं तर मानेच्या शिरा फुगलेल्या. मी पियानो वाढवला, काय करणार? उरलेली अख्खी फेरी, गाणं संपेपर्यंत, त्याने तशीच वाजवली. एक सूर चुकला नाही."

"आवाज नव्हता, मग चुकला नाही हे कसं कळलं?"

"बाई, इतकी वर्षं मी त्याच्या शेजारी बसून ते गाणं वाजवलंय. ती बोटं मला पाठ आहेत."

हिने विचारलं, "ड्रमवाला तेव्हा काय करत होता?"

"ढोल्या? ड्रमवर तारांचे ब्रश फिरवत होता, दुसरं काय. त्या गाण्याला काड्या नसायच्याच."

हिचा चेहरा उतरला. मला कारण तेव्हा कळलं नाही, ते तिने जिन्यात सांगितलं. त्या कार्यक्रमाचं रेडिओचं रेकॉर्डिंग तिच्याकडे पहिल्यापासून होतं. त्यात सॅक्सोफोन बंद पडल्यावर बारीक टकटक ऐकू येते. तिने पुस्तकात लिहिलं होतं की बिचारा ड्रमवाला ओशाळून ड्रमच्या कडेवर काडी वाजवत राहिला. सगळ्या समीक्षकांनी ते वाचलं, आणि मग सगळ्यांना काडीच ऐकू यायला लागली. ब्रश खसखस करतो, टकटक करत नाही, हे त्यांच्यातल्या प्रत्येकाला माहीत होतं. काखेत कळसा म्हणतात तो हा.

निघताना तिने मिरचीला विचारलं, इतकी वर्षं बोलला का नाहीत?

"बोललो की. कप्तान म्हणाला प्यायलाय, मी म्हणालो आजारी आहे. तिथून आमचं फाटलं. मग घुबडाच्या बायकोकडे गेलो, म्हटलं याला डॉक्टरकडे ने आणि सगळ्यांना खरं काय ते सांग. तिने मला घराबाहेर काढलं. त्यानंतर तिचं तोंड पाहिलं नाही." तो खिडकीकडे वळला. "बरं झालं. मलाही कोणाचं बघायचं नव्हतं."

उतरताना लिफ्ट बघायची राहूनच गेली.

घरी येऊन तिने टेप लावली. मला ते ऐकवलं. आधी सॅक्सोफोन, मग एकदम पोकळी, पियानो दणदणायला लागतो, आणि त्याच्या खालून टप् टप् टप्. मला ऐकू आलं. मी म्हटलं, "मिटलं. बोटंच आहेत."

"तुम्हाला कोणी सांगितलं म्हणून बोटं," ती म्हणाली. "मी आधी काडी ऐकली, आता बोटं ऐकतेय. उद्या कोणी म्हणालं उंदीर आहे, तर उंदीर ऐकेन. असं नाही चालत."

मग तिने संगीतशाळेतल्या एका सॅक्सोफोन शिकवणाऱ्या मास्तरला घरी बोलावलं. कसलं रेकॉर्डिंग, कोण वाजवतंय, काही सांगितलं नाही. फक्त तो टकटकीचा तुकडा लावला. मास्तरने पहिल्यांदा ऐकलं आणि कपाळाला आठ्या घातल्या. दुसऱ्यांदा ऐकताना त्याची बोटं मांडीवर हलायला लागली. म्हणाला, "कोणीतरी न फुंकता वाजवतंय. सराव करतोय का?" आणि मग त्याने गाण्याचं नावही सांगितलं. तेच गाणं.

हिचं तेवढ्यावरही समाधान नाही. तिने त्याला वाद्य काढायला लावलं आणि टेपबरोबर तसंच, न फुंकता वाजवायला सांगितलं. माझ्या बैठकीच्या खोलीत एक धडधाकट माणूस सॅक्सोफोन तोंडाला लावून नुसती बोटं नाचवतोय आणि माझी बायको डोळे मिटून ऐकतेय, हे चित्र समोर. शेजारीण काहीतरी मागायला म्हणून आली, उंबऱ्यात उभी राहिली आणि म्हणाली, "तुमच्याकडचं वाजवणं मला आज पहिल्यांदा आवडलं." मास्तरची टकटक टेपवरच्या टकटकीवर बरोबर बसत होती. शेवटी मास्तर दमून खाली बसला आणि म्हणाला, "हा कोण माणूस? याच्यात एकही चूक नाही."

"एक साक्षीदार झाला," मास्तर गेल्यावर ही म्हणाली.

"अगं, मिरची, टेप, मास्तर, तीन झाले!"

"स्टेजवर काय झालं ते कळलं. का झालं, ते मिरचीचा अंदाज आहे. आणि वेटर खोटं का बोलला? दुसरा साक्षीदार हवा. मिरचीशी बोलणं बंद असलेला." आणि ती पायात बूट घालायला लागली. मला न विचारताच कळलं की आम्ही कुठे चाललोय.

वहिनींनी या वेळी दार उघडलंच नाही. आत हालचाल ऐकू येत होती. ही दाराला तोंड लावून म्हणाली, "वहिनी, मी चुकीचं छापलं असं मला वाटतंय. बरोबर काय ते मला माहीत नाही. तुम्ही सांगाल तर ऐकते. नाही सांगितलंत तर उद्या परत येईन."

मी तिचा हात धरून निघायचं म्हणत होतो, तेवढ्यात कडी निघाली.

छोटंसं घर. दोन खुर्च्या आणि एक टेबल. वहिनी उभ्याच राहिल्या, म्हणून आम्हीही.

"त्यांना दम लागायचा," त्या म्हणाल्या. "कोणाला कळू द्यायचे नाहीत. जिना चढताना मध्येच थांबून बुटाची नाडी बांधायचे. नाडी काही सुटलेली नसायची. त्या दिवशी वाजवताना दम संपलाच. मागच्या दाराने बाहेर आले, तिथे वेटर होता. त्याच्याकडून बाटली घेतली, चूळ भरली, शर्टावर ओतून घेतली. त्याला म्हणाले, कोणी विचारलं तर सांग, चढली होती. घरी आले ते नुसते वास मारत. मी तोंड सोडलं, तर मला काय म्हणाले माहितीये?"

हिने मान हलवून नाही म्हटलं.

"म्हणाले, अगं, दारुड्याला लोक चार शिव्या घालतात आणि परत बोलावतात. दम संपलेल्या सॅक्सोफोनवाल्याला कोण बोलावतंय? कोणाला सांगू नकोस, जरा बरं वाटलं की मी परत उभा राहतो. बॅण्डमधल्या कोणीतरी वाद्य घरी पोचवलं होतं, ते रोज सकाळी पुसून तयार बसायचे. मी शब्द दिला होता, म्हणून त्या पियानोवाल्यालाही घालवून दिलं. चांगला माणूस होता तो."

"आणि बोलावलं का कोणी?"

"नाही."

वहिनींचा आवाज आता चढला. "ते गेले, तेव्हा मी म्हटलं, लोकांना काय म्हणायचं ते म्हणू देत. पण माझी लेक शाळेत होती तेव्हा तुमचं पुस्तक आलं. कोणीतरी वर्गात वाचून दाखवलं. ती घरी आली, आणि मी तिला हे सगळं सांगितलं, आता तुम्हाला सांगितलं तसं. ती म्हणाली, आई, इथे छापलंय. मी म्हटलं, छापू दे, मी बायको आहे त्यांची. तर म्हणाली, म्हणूनच तू पाठीशी घालतेस. त्या दिवसापासून तिने बापाचं नाव टाकलं. मला टाकलं नाही. येते, औषधं आणते, तारीख बघून देते. पण माझा एक शब्द खरा धरत नाही. मी म्हटलं डोकं दुखतंय, तर कपाळाला हात लावून बघते, खरंच दुखतंय का."

आमच्या संसारात मी हिला वाद घालताना पाहिलंय, रडताना पाहिलंय, एकदा तर एका ढोलकीवाल्याला छत्रीने मारताना पाहिलंय. अशी मान खाली घातलेली पाहिली नव्हती. पण ती तशी फार वेळ राहिली नाही.

"लेकीला बोलवाल?" ती म्हणाली. "मी छापलं, मीच निस्तरते."

लेक औषधांच्या दुकानात काम करते. दुसऱ्या दिवशी दुपारी सुट्टीत ती आली, तशीच पांढऱ्या कोटात. टेपचं मशीन मी खांद्यावरून वर आणून ठेवलं होतं. हिला पाहून तिने हातांची घडी घातली. वहिनी स्वयंपाकघरात निघून गेल्या आणि नळ सोडून उगाच स्वच्छ भांडी धुवायला लागल्या.

"आईने तुम्हालाही तीच गोष्ट सांगितली वाटतं," लेक म्हणाली. "आणि तुम्ही खरी मानली."

"तुमच्या आईच्या आधी एका माणसाने अर्धी गोष्ट सांगितली," ही म्हणाली. "तुमच्या आईने त्याला घराबाहेर काढलं होतं, तेव्हापासून त्यांचं बोलणं नाही. त्याच्या अर्ध्याला तुमच्या आईचं अर्धं बरोबर जोडलं जातं. पण माझ्यावरही विश्वास ठेवू नका. एकदा ठेवून झालाय. स्वतः ऐका."

हिने टेप लावली. घुबडाचा सॅक्सोफोन वर चढत गेला, आणि गेला. टप् टप् टप्.

"हे काय वाजतंय?"

"तुमचे वडील."

लेक टेबलाकडे एक पाऊल पुढे आली. "सॅक्सोफोन तर बंद झाला."

"दम संपला. बोटं चालू आहेत. गाणं संपेपर्यंत चालू आहेत. प्यायलेल्या माणसाकडून हे होत नाही. ज्यांना यातलं कळतं त्यांच्याकडून मी खात्री करून घेतलीय."

"परत लावा."

हिने परत लावली. मग लेकीने स्वतःच हात पुढे करून पुन्हा मागे नेली आणि मशीनला कान लावून उभी राहिली. मी आतापर्यंत ते इतक्यांदा ऐकलं होतं, पण तेव्हा पहिल्यांदा मला ते गाणं म्हणून ऐकू आलं. मी खिडकीबाहेर पाहत राहिलो.

लेक स्वयंपाकघरात गेली. नळ बंद झाला.

"आई, तू सांगितलं होतंस."

"सांगितलं होतं," वहिनी म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज फाटला. "किती वेळा सांगितलं होतं! मग तेव्हा खरं का नाही धरलंस?"

"छापलेलं होतं गं, आई."

पुढे दोघींचं रडणंच ऐकू यायला लागलं. बाहेरच्या खोलीत मी हिच्याकडे पाहिलं. मला वाटलं आता हीही रडेल, आणि रडली असती तर मला बरंच वाटलं असतं. पण ती खुर्ची ओढून टेबलाशी बसली, पिशवीतून कागद काढला आणि तिथेच लिहायला लागली. मी खांद्यावरून वाकून पाहिलं. वर लिहिलं होतं, नव्या आवृत्तीसाठी. आणि खाली पहिल्या ओळी: "तो प्यायला होता, असं मी या पुस्तकात छापलं होतं. ते खोटं आहे. त्याच्या बायकोने खरं सांगितलं होतं."